पन्नास पौंडांची भानगड

लेस्टर, २१ जुलै

प्रिय बंड्या,

एवढे दिवस पत्र का नाही याची कारणं देत बसत नाही. तू वैतागला असशील हे धरूनच चाललोय. पण गेल्या आठवड्यात क्लबच्या मासेमारीच्या सामन्यात जे झालं ते इथे कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "शेवटी मासे सोडूनच देता ना? मग दोन पौंड इकडे काय नि तिकडे काय!" म्हटलं, आता बंड्यालाच लिहायचं. मर्यादेवरचं वजन कापलं जाऊन हरण्याची तुझ्यावर जी वेळ आली होती ती सुतारावर आली. तोच कोपरा, तोच नियम. आणि जिंकला कोण? टोपीवाला! झालं समाधान?

तब्येत ठीक. साखर काठावर, गुडघा कुरकुरतो. पुढे.

आधी आकडे देतो, कारण तू तेच विचारणार. सुताराचं पहिलं कीपनेट (धरलेले मासे तोलेपर्यंत पाण्यातच ठेवायची लांब जाळी) ४८ पौंड ६ औंस. दुसरं ५८ पौंड १० औंस. नियमाप्रमाणे एका नेटचे जास्तीत जास्त ५० धरायचे, त्यामुळे ८ पौंड १० औंस हवेत गेले. कागदावर राहिले ९८-६. टोपीवाल्याचे कार्पचे दोन नेट ४९-१० आणि ४७-०, वर बारक्या माशांच्या नेटचे ४-८, एकूण १०१-२. म्हणजे सुतारानं खरे मासे धरले १०७ पौंडांचे आणि हरला पावणेतीन पौंडांनी. काट्यावर मीच होतो. झोळी ओली करून काटा शून्यावर आणला होता, दोनदा तोलून पाहिलं, शेजारच्या पेगवरचा (पेग म्हणजे काठावरची नंबराची बसायची जागा) साक्षीला उभा. त्यामुळे वजनाबद्दल वाद नाही. वाद आहे तो नियमाबद्दल, आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. ते खाली येतंच.

सुतारानं मासेमारी मात्र फार शहाणपणानं केली रे. चिठ्ठीत १७ नंबर निघाला आणि नैर्ऋत्येचा वारा सगळं पाणी ढकलत त्याच्याच कोपऱ्यात आणत होता. दहाच्या शिट्टीला पंचवीसेक मीटरवर चपटा मेथड फीडर (ज्यावर खाद्य दाबून बसवतात ते वजन), ३० ग्रॅमचा, ४ इंची हुकलेंथ (गळाची आखूड दोरी), हेअरवर (गळामागच्या बारीक धाग्यावर) ८ मिलिमीटरचा वॉफ्टर (तळाशी हलकं राहणारं आमिष). दोरी क्लिपला लावलेली, त्यामुळे दर वेळी फीडर त्याच ताटलीएवढ्या जागेत. पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या (आता तू दात-ओठ खाणार), माझ्या पद्धतीनं: दोन मिलिमीटरच्या पेलेट दोन मिनिटं तळ्याच्या पाण्यात बुडवायच्या, चाळणीत निथळायच्या आणि अर्धा तास झाकून ठेवायच्या. तुझ्यासारखा त्यांचा शिरा केला तर फीडर तळाला जाऊन बसला तरी गोळा फुटत नाही आणि मासा नुसता ढुशा देत बसतो. कोरड्या राहिल्या तर पाण्यावर आपटतानाच अर्ध्या गळून जातात. हा वाद आपण पुढच्या जन्मीही घालू, पण आकडे माझ्या बाजूनं आहेत.

अकरानंतर ऊन चढलं तसे मासे मधल्या थरात आले. रॉडच्या टोकाचं लवचिक पातं सारखं थरथरायचं, पण ती दोरीला अंग घासून जाणाऱ्या माशांची खोटी खूण. तीन-चार जणांनी त्या प्रत्येक थरथरीला रॉड उचलला आणि कुणाच्या पाठीला तर कुणाच्या शेपटीला गळ लावून घेतला. सुतार हातांची घडी घालून बसला. पातं वाकून रॉडच खेचला जाईपर्यंत शिवायचं नाही, हे त्याला आता जमलंय. तू त्याला 'उतावळा' म्हणायचास, त्याची आठवण त्याला अजून आहे.

खरी गंमत काठाला झाली. एक वाजल्यापासून उजव्या हाताला पाच मीटरवर, दोन फूट पाण्यात, त्यानं ग्राउंडबेट (भुकटीचं खाद्य) आणि मेलेल्या लाल अळ्या टाकायला सुरुवात केली. पण गळ टाकला नाही. दोनला पाण्यावर शेपट्यांचे भोवरे दिसायला लागले, गाळ ढवळून चहासारखा रंग आला, तेव्हा पोल (रीलशिवायचा लांब दांडा) काढला. मक्याचे दोन दाणे, जाड इलास्टिक, आणि मग तास संपेपर्यंत एकामागून एक. सुटे दाणे भिरकावले असते तर मासे वर बघत बसले असते. म्हणून सगळं गोळा करून, कपात भरून तळालाच सोडायचं. हे त्यानं पाळलं.

आणि इथेच घोळ झाला. नेटमधलं वजन सगळे मोजतात कसं? खटका दाबायचा काउंटर गळ्यात, सकाळपासूनचा अंदाज मासा चार पौंडांचा, बारा मासे झाले की नेट बदलायचं. फीडरवरचे मासे खरंच चारचे होते. पण शेवटच्या तासात काठाला येतात ते सहा-सात पौंडांचे. काउंटरला मासे कळतात, पौंड कळत नाहीत. मासा आत सोडताना लँडिंग नेट (मासा उचलायची हातजाळी) हातानं तोलून बघ म्हणून तू घसा कोरडा करायचास, पण शेवटच्या तासात इतकं भान कुणाला असतं? तुझं तरी कुठे राहिलं होतं! दुसऱ्या नेटचा काउंटर बारावर नव्हता, दहावरच होता. म्हणजे त्याच्या हिशेबानं चाळीस.

आता माझं दुखणं. कमिटीनं ठरवलंय की ऑगस्टच्या सामन्याआधी नियम नव्यानं लिहायचा आणि तो मी लिहायचा. सुताराची बाजू म्हणते, जास्तीचं वजन कापून माशाचं काय भलं झालं? मासा तर त्या नेटमध्ये घुसमटलाच. टोपीवाल्याची बाजू म्हणते, कापलं नाही तर कोण मोजेल? दोघांचंही खरं आहे, म्हणून झोप लागत नाही. या मिटिंगला तू असतास तर निदान आरडाओरडा करून विषय भरकटवला असतास.

५० हा आकडा आला कुठून ते बघू. आपल्या नेटच्या कड्या अर्ध्या मीटर व्यासाच्या. दोन मीटर लांबी खरोखर पाण्याखाली असेल तर आत सुमारे ३९० लिटर पाणी. ५० पौंड म्हणजे २२.७ किलो मासा. पण १७ नंबरला काठालाच दोन फूट पाणी, तिथे नेट आडवं पसरून टोकाला खुंटी लावली नाही तर निम्मं बाहेर लोंबतं. सव्वा मीटर बुडलं असेल तर उरतात २४० लिटर, म्हणजे गच्चीवरच्या पाचशेच्या टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी भरून आत २३ किलो मासा कोंबलाय असं समज. पर्यावरण खात्याच्या नियमात नेट दोन मीटरहून लांब, दोन कड्यांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आत, जाळीला गाठी नाहीत, हे सगळं आहे. बुडलेलं किती असावं ते सामना घेणाऱ्यानं बघायचं. म्हणून माझं पहिलं कलम: सुरुवातीच्या शिट्टीआधी प्रत्येक नेट तपासायचं. टोक खुंटीनं ताणलेलं हवं आणि शेवटच्या चार कड्या पूर्ण पाण्याखाली. ज्या पेगवर हे जमत नाही तो पेग चिठ्ठीत टाकायचाच नाही, मग तो १७ का असेना. यावर शिव्या पडणार आहेत.

दुसरं, उष्णता. आपलं तळं चार-साडेचार फूट खोल. १० अंशांना पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, २५ ला जेमतेम सव्वाआठ, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. १९ जुलै २०२२ ला कोनिंग्सबीला ४०.३ अंश झालं होतं ते आठवतं ना? तशी हवा आली तर सामनाच रद्द, त्यात चर्चा नको. प्रश्न २८-३० अंशांच्या दिवसाचा आहे. खजिनदार म्हणतात, सकाळी सहाला सुरू करा, गारव्यात उरकून टाका. ऐकायला छान! पण शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू खातात, आणि तळ्यात तो सगळ्यात कमी असतो पहाटे. म्हणजे माणसांना गारवा आणि माशांना गळफास. दुपारी पाणी गरम असलं तरी उन्हानं शेवाळ प्राणवायू सोडत असतं. सगळ्यात वाईट म्हणजे ढगाळ, कोंदट, वारा पडलेला दिवस. हे मी त्यांना दोनदा समजावलं, त्यांनी दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "मग साडेसहाला?"

म्हणून दुसरं कलम प्राणवायू मोजायच्या मीटरचं. सामन्याच्या दिवशी पहाटे, उथळ कोपऱ्यात आणि मध्ये, फूटभर खाली मोजायचं. ५ मिलिग्रॅमच्या खाली कुठेही दिसलं तर त्या दिवशी कीपनेट नाही. कार्प त्याहून कमीतही तग धरतो, पण मोकळ्या पाण्यात. गर्दीत नाही.

कीपनेट नाही तर मग काय, यावर तुझं ते जुनं खूळ: प्रत्येक मासा काठावर तोलायचा, लिहायचा आणि सोडायचा. हिशेब केला. २४ पेग, प्रत्येकी वीस मासे, ४८० तोलणी. एकाला दोन मिनिटं धरली तर १६ तास. तीन काटे लावले तरी प्रत्येकाला सामन्याचे पाचही तास आणि वर वीस मिनिटं सलग पळावं लागेल. माणसं कुठून आणू? मोठ्या कार्पच्या सामन्यांत, जिथे दिवसात दोन मासे लागतात, तिथे हे चालतं. आपल्याकडे नाही.

तुझं दुसरं खूळ, मधल्या सुट्टीत तोलायचं, त्याकडे मात्र मी वळत चाललोय. साडेबाराला शिट्टी, सगळ्यांनी रॉड बाहेर, दोन्ही टोकांनी दोन काटे निघणार, चाळीस मिनिटांत नेट रिकामे. मासा जास्तीत जास्त तीन तास दहा मिनिटं आत. अडचणी दोन. सोडलेले मासे त्याच पेगसमोर सुटतात आणि बिथरतात, दुपारचा पहिला अर्धा तास मेलेला जातो. दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायचं तर बादलीतून नेण्यात माशाचे जास्त हाल. तरी जुलै-ऑगस्टपुरतं हे करावं असं वाटतं. तू तेव्हा बारा महिन्यांसाठी मागत होतास, म्हणून भांडण झालं. जानेवारीत कशाला हवंय, सांग?

मर्यादा ४० वर आणायची आणि कार्पला तिसरं नेट द्यायचं, हेही लिहिलंय. चाळीस धरून चालणाऱ्याची चूक झाली तरी ती बहुतेक वेळा पन्नासच्या आत राहते. कापणी ५० च्या वरच करायची, ४० ते ५० मध्ये नुसती ताकीद. पण केएचव्हीच्या (कार्पना होणाऱ्या घातक विषाणूच्या रोगाच्या) भीतीनं नेट तळ्यावरचेच वापरायचे आणि ते उन्हात कडकडीत वाळवायचे, असं आपलं चालतं. १६ अंशांच्या वर पाणी गेलं की तो रोग डोकं काढतो, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेरचे नेट आणू द्यायला मी तयार नाही. म्हणजे २४ नवीन नेट क्लबनं घ्यायचे, चाळीसेक पौंडाला एक. (हे पौंड पैशाचे.) खजिनदारांचा चेहरा डोळ्यांसमोर आण.

सुतार चार दिवस फोन उचलत नव्हता. काल उचलला. म्हणाला, नियम नियम आहे, पण टोपीवाल्यानं हात मिळवताना "काउंटर बदल" म्हणायला नको होतं. तुला काय म्हणाला होता तो? "चष्मा बदल" ना?

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं म्हणे, अभिनंदन! वास्तुशांतीला येणं होणार नाही, वहिनींना सांग रागावू नका. धाकटीचं दहावीचं वर्ष ना यंदा? तिला सुखानं अभ्यास करू दे, तुझी गणितं तिच्यावर घालू नकोस. खडकवासल्याला गळ घेऊन जातोस की नुसती भजी खाऊन परत?

मसुदा ५ ऑगस्टला द्यायचाय. त्याआधी मला दोन गोष्टी कळव. मधल्या सुट्टीत तोलायचं तर पहिल्या अर्ध्याचं वजन लगेच जाहीर करायचं की झाकून ठेवायचं? जाहीर केलं तर मागे पडलेले घरी जातात, झाकलं तर संशय. आणि कापणी ठेवायची का? तू एकटा असा आहेस की ज्याचे मासे कापले गेले आणि ज्यानं नंतर स्वतः काटाही धरला. खरं मत दे, टोपीवाल्याचा राग बाजूला ठेवून. जमेल तेवढा.

तुझा,
नाना

ता. क. शेडमध्ये तुझी वजनाची जुनी झोळी सापडली. तळाची जाळी उसवली आहे, खवले अडकतील म्हणून वापरत नाही. शिवून घेऊ की टाकून देऊ?