मोडल अ‍ॅनालिसिसच्या रंगीत चित्रांमागचा हिशेब

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

यंत्रांचे सांगाडे, ब्रॅकेट, पंप आणि मोटारींच्या बेस फ्रेम यांचे आराखडे मंजूर करून घेताना ‘फायनाइट एलिमेंट मोडल अ‍ॅनालिसिस’चा, म्हणजे वस्तू कशी कंप पावेल हे संगणकावर काढण्याच्या पद्धतीचा, अहवाल जोडण्याची अट आता पुणे, चाकण परिसरात सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकांपुढेही येऊ लागली आहे. अट योग्यच आहे. माझी तक्रार आहे ती हा अहवाल वाचण्याच्या पद्धतीबद्दल. निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेले चित्र, त्याखाली एक वारंवारता आणि शेवटी ‘डिझाइन सुरक्षित’ असा शेरा, एवढ्यावर कागद पुढे सरकतो. आणि यंत्र जागेवर बसल्यावर थरथरू लागले की खापर सॉफ्टवेअरवर फुटते. या क्षेत्रात काम करणारा एक अभियंता म्हणून त्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहे.

या विश्लेषणात संगणकाला नेमका कोणता प्रश्न विचारलेला असतो, हे आधी पाहायला हवे. वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान आणि त्याची दृढता मांडली जाते, ते तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून हजारो, कधी लाखो समीकरणांचा संच उभा केला जातो, आणि मग विचारले जाते की या वस्तूवर बाहेरून कोणतेही बल नसताना तिला नुसते डिवचून सोडून दिले, तर ती कोणकोणत्या गतीने आणि कोणकोणत्या आकारात डोलेल. गती म्हणजे नैसर्गिक वारंवारता आणि आकार म्हणजे मोड शेप; या दोहोंची एक जोडी म्हणजे एक मोड. प्रश्नात बल नाही, आणि सर्वसाधारणपणे अवमंदन, म्हणजे कंपन जिरवण्याची क्षमताही, धरलेली नसते. तेव्हा वस्तू प्रत्यक्षात किती मिलिमीटर हलेल हे उत्तरात येणारच कुठून? चित्राशेजारच्या रंगपट्टीवर छापलेले आकडे सॉफ्टवेअरने गणिताच्या सोयीसाठी ठरवलेल्या मापातले असतात आणि त्यांची फक्त एकमेकांशी तुलना करता येते. तरीही ‘इथे लाल दिसते आहे, जाडी वाढवा’ असे शेरे मंजुरीच्या बैठकीत ऐकू येतात आणि धडधाकट भागाचे वजन विनाकारण वाढते.

हे आकार डोळ्यांनी पाहण्याची हौस मात्र संगणकाहून फार जुनी आहे. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरवून पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला, तेव्हा वाळू न हलणाऱ्या रेषांवर जाऊन साचली. त्या आकृत्या त्याने १७८७ साली छापल्या आणि पुढे पॅरिसमध्ये नेपोलियनलाही करून दाखवल्या. त्यामागचे गणित मांडणाऱ्यास फ्रान्समध्ये पारितोषिक जाहीर झाले आणि १८१६ साली ते सोफी जर्मेन या विदुषीला मिळाले. आपल्याकडे १९२० साली सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की आपल्या तालवाद्यांच्या पुडीवरील शाईच्या वजनामुळे कातड्याच्या वरच्या वारंवारता मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. वस्तुमान कोठे ठेवले यावर कंपन कसे ठरते, याचा इतका नेमका नमुना विरळाच. आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांच्या हाताखाली तयार होतो आहे.

आता कागद-पेन्सिलीनेही पडताळता येईल असे उदाहरण घेतो. ३०० मिमी लांब, ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाडीची पोलादी पट्टी एका टोकाला घट्ट आवळली, तर तिची पहिली नैसर्गिक वारंवारता सुमारे ५५.७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५५.७ हेलकावे, येते. रुंदी दुप्पट केली तरी हा आकडा जागचा हलत नाही, कारण दृढता दुप्पट होते तसे वजनही दुप्पट होते. जाडी दुप्पट केली तर मात्र वारंवारताही दुप्पट होते. समजा, पट्टी आवळणारा जबडा तोंडापाशी झिजलेला आहे आणि प्रत्यक्षात पट्टी ३० मिमी आतपर्यंत मोकळीच आहे. तिची उपयुक्त लांबी ३३० मिमी झाली आणि वारंवारता ४६ हर्ट्झवर घसरली. यंत्राचा ताल नैसर्गिक वारंवारतेच्या जवळ आला की कंपन फार वाढते, आणि दोन पोलची मोटार भाराखाली मिनिटाला सुमारे २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. अहवालातले ५५.७ हे या ४८ पासून बऱ्यापैकी दूर होते; प्रत्यक्षातले ४६ त्याला खेटून आहे, शिवाय ते खालच्या अंगाला असल्याने मोटार प्रत्येक वेळी सुरू आणि बंद होताना त्यातून जाणारच. उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. पट्टीचे दुसरे टोकही संगणकावर ‘फिक्स’ करून टाकले, तर तीच पट्टी ३५४ हर्ट्झ दाखवते. माऊसच्या एका क्लिकने उत्तर सहा पटींहून अधिक बदलते आणि चित्र तेवढेच देखणे येते.

याच पट्टीच्या मोकळ्या टोकावर एक किलोची पेटी बसवली, तर वारंवारता २१ हर्ट्झपर्यंत खाली येते. थरथरणाऱ्या फ्रेमला जागा मिळेल तिथे अँगल वेल्ड करण्याची जी पद्धत आपल्या वर्कशॉपमध्ये रूढ आहे, तिचे काय होते हे यावरून कळेल. आधाराजवळ घातलेले लोखंड दृढता वाढवते, तर मोकळ्या टोकाकडचे लोखंड मुख्यतः वजनच वाढवते. मोड शेपचा खरा उपयोग इथे आहे. वाक कुठे जास्त आहे आणि हालचाल कुठे जास्त आहे हे ते चित्र सांगते, आणि त्यावरून अँगल कुठे लावायचा हे ठरवता येते.

अहवालातल्या बहुतेक चुका टेकूंच्या आणि सांध्यांच्या असतात. अनेक सॉफ्टवेअर एकमेकांना टेकलेले पृष्ठभाग आपोआप चिकटलेले धरतात, त्यामुळे चार बोल्टांवर उभे असलेले गार्ड संगणकात एकसंध ओतकामासारखे वागते. मोडल अ‍ॅनालिसिसच्या रेषीय गणितात ढिला बोल्ट, फट किंवा खडखड यांना जागाच नाही. बेस फ्रेमखालचे काँक्रीट पूर्ण अचल धरले जाते. गच्चीवरच्या किंवा पोटमाळ्यावरच्या यंत्राच्या बाबतीत तर ते उघडच चुकीचे आहे. एककांचा घोळ निराळाच: मिलिमीटर आणि मेगापास्कलमध्ये काम करताना घनता टनाऐवजी किलोग्रॅममध्ये भरली, तर सगळ्या वारंवारता साडेएकतीस पटींनी कमी येतात. एवढी मोठी चूक निदान लपत नाही, ती लगेच सापडते. मॉडेल तपासण्याची एक जुनी युक्तीही आहे. वस्तू कुठेही न धरता मोकळी सोडली, तर पहिल्या सहा वारंवारता जवळपास शून्य यायला हव्यात. सातवीही शून्य आली, तर मॉडेलमधला एखादा भाग कशालाच जोडलेला नाही असे समजावे. हे तपासायला फार वेळ लागत नाही, पण अहवालात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

वारंवारता बरोबर असूनही फसगत होऊ शकते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण गर्दी होताच तो आडवा झुलू लागला. सेकंदाला एक किंवा त्याहून कमी हेलकावे घेणारे आडवे मोड त्या पुलाला असणार, हे गणिताला अनपेक्षित नव्हते. पूल किंचित हलताच माणसे तोल सावरण्यासाठी त्याच तालात पावले टाकू लागतात आणि ठरावीक संख्येपलीकडे गर्दी गेली की तीच पुलाला झोके देते, हा भाग मात्र आराखड्यात धरलेला नव्हता. दुरुस्तीत ३७ द्रव अवमंदक आणि ५२ वजनी अवमंदक बसवावे लागले आणि पूल फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे नैसर्गिक वारंवारतेच्या तक्त्याशेजारी बल कोठून, कोणत्या तालाने येणार याचा तक्ता हवा आणि अवमंदनाचा अंदाजही हवा. आणि अवमंदन बहुधा मोजूनच कळते.

मोजण्याचा मार्ग अवघड नाही. टोकाला बलमापक असलेला लहान हातोडा वस्तूवर हलकेच मारायचा, चिकटवलेल्या कंपनमापक सेन्सरने, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरने थरथर टिपायची आणि दोन्ही नोंदींवरून संगणकाकडून आलेख काढून घ्यायचा. आलेखातील शिखरे म्हणजे नैसर्गिक वारंवारता आणि शिखरांच्या रुंदीवरून अवमंदन. हल्ली मोबाइलवरच्या अ‍ॅपने हे काम भागवण्याचा मोह होतो. मोठ्या, संथ डोलणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी ते ठीक आहे. पण सेकंदाला शंभर नोंदी घेणारा मोबाइल ५० हर्ट्झच्या वरचे खरे काही दाखवू शकत नाही, आणि २०० ग्रॅमचा मोबाइल आधीच्या उदाहरणातल्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला चिकटवला, तर त्याच्या वजनानेच ५५.७ हर्ट्झची पट्टी ३८ वर येते. काही ग्रॅम वजनाचा सेन्सर लागतो तो यासाठी.

इमारतींच्या भूकंपविषयक भारतीय मानकात, म्हणजे आयएस १८९३ मध्ये, किमान ९० टक्के वस्तुमान हिशेबात येईल इतके मोड धरावेत अशी स्पष्ट अट आहे. यंत्रांचे अहवाल मागवणाऱ्या खरेदी विभागांनीही आपल्या अटी इतक्याच स्पष्ट लिहाव्यात अशी माझी विनंती आहे. टेकू कसे धरले, सांधे चिकटलेले मानले की नाही, यंत्राच्या फेऱ्यांच्या व त्यांच्या पटीतल्या वारंवारता कोणत्या, आणि पहिल्या दोन-तीन वारंवारता हातोड्याच्या चाचणीशी किती जुळल्या, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर यावे. रंगीत चित्रे मागे जोडली तरी चालतील. लहान कारखान्यांना प्रत्येकी हातोडा आणि सेन्सरचा हा संच घेणे परवडणार नाही. औद्योगिक संघटनांनी आणि पॉलिटेक्निकांनी तो सामायिक ठेवावा, म्हणजे विद्यार्थ्यांनाही सॉफ्टवेअर उघडण्याआधी व्हाइसमधली पट्टी हातोडीने ठोकून पाहता येईल. यंत्र जागेवर बसवल्यानंतरची दुसरी चाचणी मात्र खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने करावी, कारण त्याच्या काँक्रीटबद्दल आणि फाउंडेशन बोल्टांबद्दल पुरवठादाराला काहीच ठाऊक नसते.

आपला नम्र,
एक यंत्र अभियंता, पुणे