जुनी मोटारसायकल हौसेने बदला, पण चेसिसला कटर लावू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारसायकली घरीच खोलून नव्याने उभ्या करणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. पोरं मोबाइल बाजूला ठेवून हाताला ग्रीस लावून घेत आहेत, याचा मनापासून आनंद झाला. पण लेखासोबतच्या फोटोंत एक येझदी रोडकिंग होती. तिचा मागचा मडगार्ड काढलेला, सीटमागची चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, नळी कापून वर वाकवलेली आणि दोन्ही सायलेन्सरच्या जागी आखूड नळकांडी बसवलेली. खाली ओळ होती, ‘जुन्या गाडीला नवा जन्म’. त्या ओळीमुळे हे पत्र लिहायला बसलो.

मी आयटीआयचा टर्नर. शिरोली एमआयडीसीत लेथवर उमेदवारी केली, आता एका कारखान्याची टूलरूम सांभाळतो. आमचे आण्णा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारे, होते. १९८१ साली त्यांनी रोडकिंग घेतली. हंगामात पहाटे अंधारात फडावर जायचं, चिखलाच्या पाणंदीतून उसाच्या नोंदी घेत हिंडायचं, आणि परत येताना कुणाचा तरी डबा नाहीतर आजारी माणूस मागे बसवून आणायचा. त्यांच्यामागे गाडी गोठ्याच्या कडेला बरीच वर्षं उभी राहिली. इंजिन जाम, टाकीत गंज, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ती मी आणि माझ्या भाच्याने घरीच उभी केली. म्हणून या विषयात चार शब्द सांगण्याचा मला हक्क आहे, असं मी समजतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी हौसेने बदला, रंग बदला, दिवे बदला, बसायची जागा बदला, पण जे कराल ते नट-बोल्ट सोडून परत मूळपदावर आणता आलं पाहिजे. वेल्डिंग आणि कटर चेसिसला लागता कामा नये.

याला भावनेइतकंच कायद्याचं कारण आहे आणि ते फार कमी जणांना माहीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा खासगी मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. मात्र अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालणार नाही.

रोडकिंग बाजारात आली १९७८ साली. म्हणजे पहिल्या गाड्या २०२८ मध्ये पन्नाशी गाठतील आणि आमच्या आण्णांची २०३१ मध्ये. ज्या पोराने आज मागची नळी कापली, त्याने ऐन उंबरठ्यावर आलेल्या गाडीला हा दरवाजा कायमचा बंद केला. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे ज्याला रोज फिरायचं आहे, त्याने नेहमीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच करत राहावं, मीही तेच करतो. पण दरवाजा उघडा असणं आणि आपण तो फोडून टाकणं यात फरक आहे.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला की तो पहिली नजर कापलेल्या चेसिसवरच टाकतो.

आता तांत्रिक बाजू. रोडकिंगच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५, म्हणजे साधारण २४९ सीसी. एकच सिलिंडर, पण एक्झॉस्टची तोंडं दोन आणि म्हणून सायलेन्सर दोन. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर ही केवळ आवाज दाबायची नळी नसते. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची लाट आतल्या भिंतीवर आपटून मागे फिरते आणि सिलिंडरबाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत आत ढकलते. नळीची लांबी, पोटाचा घेर, आतली जाळी हे सगळं या हिशेबाने ठरवलेलं असतं. आखूड नळकांडी लावली की आवाज फुटतो, पण चढाला गाडी मरते आणि पेट्रोल न जळताच धुरातून जातं. आम्ही काय केलं? सायलेन्सरमधल्या जाळ्या काढून कॉस्टिक सोड्यात भिजवल्या, वर्षानुवर्षांचं काजळ खरवडलं आणि त्याच परत बसवल्या. इतक्यावरच इंजिनाचा ओढा परत आला.

इंजिन खोललं तेव्हाचा एक प्रसंग सांगतो, कारण मुद्दा त्यात आहे. जाम पिस्टन डिझेल मुरवून सोडवला. मग बोअर गेज (आतला व्यास मापायचं साधन) घालून सिलिंडर वर, मधे, खाली आणि आडवा-उभा अशा दोन्ही दिशांनी मापला. एक्झॉस्टच्या तोंडांजवळ झीज जास्त होती, तरी एकूण हिशेब पुढच्या मापाच्या, म्हणजे पाव मिलिमीटर मोठ्या पिस्टनमध्ये बसत होता. ज्या गॅरेजमध्ये आधी दाखवलं, तिथे मिस्त्री म्हणाला, ‘एक मिलिमीटर मोठा टाकूया, माझ्याकडे तोच शिल्लक आहे.’ म्हणजे त्याच्या शेल्फवर पडलेला पिस्टन खपावा म्हणून माझ्या सिलिंडरचं पाऊण मिलिमीटर लोखंड विनाकारण चुऱ्यात जाणार! एकदा कापलेलं लोखंड परत चढत नाही. पाव-पाव मिलिमीटरने गेलात तर तोच सिलिंडर पुढच्या पिढीलाही एक-दोन बोअर देतो. नाहीतर लगेच स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, घालायची वेळ येते. मी सिलिंडर उचलून उद्यमनगरात नेला. तिथल्या बोअरिंगवाल्याने आधी पिस्टन हातात मागितला, मायक्रोमीटरने मापला आणि मगच मशीन लावलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी माणसं आजही आहेत, हे आपलं भाग्य आहे. पोरांनी त्यांच्याकडे जावं, शेजारी उभं राहून पाहावं. व्हिडिओत दिसत नाही ते तिथे दिसतं.

डाव्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी, हा दुसरा जपायचा भाग. ते गेलं की चेनकेसमधलं ऑइल इंजिनात ओढलं जातं, गाडी पांढरा धूर ओकते आणि लोक म्हणतात ‘बोअर गेला’. निम्म्या गाड्या केवळ सीलपायी भंगारात गेल्या असतील, असं माझं मत आहे.

आता बदल. आम्ही बदल केलेच नाहीत असं नाही. मूळ ६ व्होल्टच्या दिव्यावर आजच्या रहदारीत रात्री गाडी चालवणं धोक्याचं आहे, म्हणून १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुन्या विजेच्या यंत्रणेचे काढलेले भाग, म्हणजे आर्मेचर, पॉइंटची प्लेट, कंडेन्सर, ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवले आहेत. भाच्याला बुटकी, एकेरी सीट हवी होती. त्याची आधीची कल्पना वेगळीच होती. ‘मामा, मागचं सगळं उडवूया, लई भारी दिसेल,’ असं म्हणून तो ग्राइंडर घेऊनच आला होता. मी त्याला आधी चेसिसखाली झोपवलं आणि मागची नळी कुठे कुठे जोडली आहे ते हाताने चाचपायला लावलं. शॉकअॅब्सॉर्बरचा वरचा बोल्ट तिथेच, मडगार्डचा आधार तिथेच, मागे बसणाऱ्याचं वजनही तिथेच येतं. मग आम्ही मूळ सीटच्याच भोकांत बसेल असा पत्र्याचा पाया केला आणि गादी राजारामपुरीतल्या एका सीटवाल्याकडून शिवून घेतली. भाच्याला गाडी हवी तशी मिळाली. आई देवाला जायचं म्हणाली की पाने घेऊन मूळ लांब सीट चढवतो.

रंगाच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना. हल्ली चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करायची पद्धत आहे. काम देखणं होतं, पण वाळूच्या माऱ्याने आणि वरच्या जाड थराने चेसिस नंबर बुजतो. आरटीओत पेन्सिलीने नंबरचा ठसा घेतात; तिथे अर्धा आकडा उमटला नाही तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. कामाला देण्याआधी नंबरवर जाड टेप लावा, तेवढी जागा हाताने घासा आणि वर पातळ रंगाचा एकच हात द्या. नंबरचा स्पष्ट फोटोही आधीच काढून ठेवा.

आजच्या पेट्रोलचंही पाहावं लागतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ज्या उसाच्या नोंदी घेत आण्णांनी ही गाडी झिजवली, त्याच उसाचं इथेनॉल आता तिच्या टाकीत येतं, याचं मला अप्रूप वाटतं; शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण जुने रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकमधली बुचं इथेनॉलने फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाइप नव्या पेट्रोलला टिकणारे घाला आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं परत आली, त्या गाड्या चांगल्या आहेत, पण त्या चार-स्ट्रोक आहेत. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली, डग-डग-डग करत मंद चालणारी ती जुनी टू-स्ट्रोक परत कुणी बनवणार नाही. आहेत तेवढ्याच गाड्या आहेत, आणि प्रत्येक कापलेल्या चेसिसने त्यांत एक कमी होते.

आरटीओला माझी विनंती आहे की व्हिंटेज नोंदणीचे नियम मराठीत एका पानावर छापून प्रत्येक कार्यालयात दर्शनी भागात लावावेत. ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या ज्या गाड्यांची नोंद अजून परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलेली नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातला एखादा दिवस राखून ठेवावा. नोंद ऑनलाइन दिसत नाही म्हणून नवी नंबरप्लेटही मागवता येत नाही आणि वैतागून माणूस गाडी भंगारवाल्याला देतो, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. नोकरी सांभाळून हेलपाटे घालणं सगळ्यांना जमत नाही.

आणि आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा मालकाला दोन प्रश्न जरूर विचारा: मूळ गाडीतलं काय काय कापलं, आणि काढलेले भाग कुठे ठेवलेत? त्याची उत्तरंही फोटोखाली छापा.

आपला,
एक वाचक
शिरोली (पुलाची), ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर