तीन महिन्यांची जिल्हा निवासिता सहीपुरती नको

संपादक महोदय,

एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते; हीच जिल्हा निवासिता. ते समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीने किमान ५० खाटांचे सरकारी रुग्णालयही यासाठी ग्राह्य धरले. त्यामुळे ५० खाटांची उपजिल्हा रुग्णालयेही या शिक्षणात येऊ शकतात. बदल चांगलाच आहे, पण तो राबवताना गफलत होते.

मेडिसिनचेच घ्या. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात येणारा सर्पदंशाचा रुग्ण बहुधा खालच्या रुग्णालयात उपचार सुरू होऊन आलेला असतो. पहिला निर्णय तालुक्यातच झालेला असतो. विषामुळे रक्त गोठणे बिघडले का, हे पाहायला शिरेतले दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर सर्पविषावरची लस (प्रतिविष) सुरू करायची. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही आणि लस विनाकारण दिली जाते. लसीची तीव्र ॲलर्जी उठू शकते, म्हणून ती देताना ॲड्रेनॅलिन भरून हाताशी हवे. चाचणी पुन्हा कधी करायची, तर सहा तासांनी. हे सारे त्या खाटेपाशी उभे राहूनच अंगवळणी पडते.

प्रत्यक्षात मात्र आलेल्या निवासी डॉक्टरला रिक्त जागेवरचा माणूस समजून कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या लावल्या जातात. शस्त्रक्रियेचा विद्यार्थी ताप-खोकल्याची ओपीडी काढत बसतो. लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून सह्या होतात (शाई एकाच पेनाची, हे परीक्षकालाही दिसते). मूळ कॉलेजच्या शिक्षकांनी फोनवर वा ऑनलाइन मार्गदर्शन करायचे, असे नियम सांगतो. पण कोणी आणि कधी, हे ठरलेलेच नसते.

विद्यार्थी पाठवण्यापूर्वी कॉलेजने तिथे त्या विषयाचा तज्ज्ञ हजर आहे का, हे पाहावे. नसेल तर ते ठिकाण त्या विषयाला देऊ नये. लॉगबुकवर सही दर शनिवारी व्हावी आणि त्याच दिवशी विभागातल्या ठरलेल्या शिक्षकाने दोन रुग्णांची चर्चा ऑनलाइन घ्यावी. आणि एकाच विभागाची सगळी मुले एकाच तिमाहीत धाडू नयेत. मागे राहिलेल्यांच्या ड्युट्या दुप्पट होतात. निवासी डॉक्टरांच्या ड्युटीला सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्राने १९९२ मध्येच घातली आहे, तिची आठवण यानिमित्ताने झाली तरी पुरे.

– मेडिसिनचे एक अध्यापक, कोल्हापूर