मोतीचं नाक घासू नका, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की मोतीने परत बैठकीत सू केली आणि बाबांनी त्याचं नाक त्यात घासलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, मोती अवघा अडीच महिन्यांचा आहे. कुत्र्याचं पिल्लू जितक्या महिन्यांचं, ढोबळमानाने तितके तास त्याला लघवी धरता येते, आणि तेही शांत पडलेलं असेल तर. खेळात असला की अर्ध्या तासातही लागते. नाक घासून त्याला एवढंच कळतं की बाबांसमोर सू केली की त्रास होतो. मग तो सोफ्यामागे जाऊन करेल, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करायला घाबरेल.

तुम्ही म्हणालात, त्याला चूक कळते, तोंड पाडून बसतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने खरंच काही केलंय की नाही यावर तो चेहरा ठरत नव्हता, मालक रागावला की तो दिसायचा. मोती तुमच्या रागाला घाबरतो, बाबा.

झोपून उठला, खाल्लं, खेळ संपला, की लगेच पट्टा लावून बाहेर न्या, रोज त्याच जागी. मध्येच जमीन हुंगत गोल फिरायला लागला तर सगळं टाकून उचला. झाल्याझाल्या तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर त्याला वाटेल, दारातून आत आल्याचा मिळाला. आणि सू झाली की लगेच माघारी फिरू नका, थोडं हुंदडू द्या. नाहीतर सू केली की मजा संपते हे ओळखून तो मुद्दाम धरून ठेवायला शिकतो. रात्री एकदा तरी उठावं लागेल. ते टाळायला म्हणून त्याचं पाणी मात्र तोडू नका.

फरशीला अमोनियावालं काही लावू नका, त्याचा वास लघवीसारखाच असतो. एन्झाइमचं क्लीनर वापरा, त्याने वास मुळातून जातो.

हे एवढ्या कळकळीने लिहितेय ते आमच्या राणीमुळे. शेल्टरमधून आणली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सहा महिने घरात एक थेंब नाही, आणि एके दिवशी झोपेतच गादी ओली. दोन दिवस मी तिच्यावर ओरडले. ती अंथरुणावर यायचीच बंद झाली, दाराशी जाऊन पडायची. डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं, मूत्रमार्गाचा स्नायू सैल झालाय. नसबंदी झालेल्या माद्यांना वयानुसार असं होऊ शकतं. औषधाने थांबलं. पण ते दोन दिवस मला अजून टोचतात. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करू लागलं तर आधी डॉक्टर, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलंय.

आई, चार दिवस एका कागदावर वेळा लिहून ठेव: कधी खाल्लं, कधी झोपला, कधी आणि कुठे केली. फोटो पाठव. कुठली फेरी चुकतेय ते रविवारी फोनवर बाबा आणि मी मिळून बघू.

तुमची,
ताई