सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट पुण्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. २००१ साली डी.फार्म झाले, तेव्हापासून मधली दीड-दोन वर्षं सोडली तर काउंटरवरच उभी आहे. हे पत्र माझ्या आत्यामुळे लिहिते आहे.

आत्या वाठार स्टेशनच्या बाजूला राहते. वय बासष्ट. बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी भाकरी थापता येईना, म्हणून गेल्या वर्षी साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी संधिवाताचं निदान केलं आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं, साडेसात मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे इंग्रजीत दोनच अक्षरं होती, ओ. डब्ल्यू. त्यांचा अर्थ आठवड्याला एक. ओ. डी. असतं तर रोज एक. गावाकडं परतताना स्टँडजवळ जे मेडिकल लागलं तिथून तिनं औषध घेतलं. काउंटरवरच्या मुलानं दहा गोळ्यांच्या स्ट्रिपवर पेनानं लिहून दिलं, "रोज १, जेवणानंतर".

घेवड्याच्या काढणीचे दिवस होते. तोंड आलं तेव्हा तिला वाटलं, उष्णता झाली. दोन दिवस ताक पीत राहिली. मग पाणीही गिळवेना आणि ताप भरला, तेव्हा तिच्या सुनेनं मला फोन केला. मी विचारलं, नवीन गोळी कुठली चालू आहे? तिनं नाव वाचून दाखवलं, आणि स्ट्रिपमध्ये एकच गोळी शिल्लक आहे म्हणाली. नऊ दिवसांत नऊ गोळ्या. दोन महिन्यांचा डोस दीड आठवड्यात पोटात गेला होता. साताऱ्यात दाखल केलं तेव्हा पांढऱ्या पेशी चौदाशेवर आल्या होत्या, त्या किमान चार हजार तरी हव्यात. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, वेगळी खोली, आठ दिवस. वाचली. केस विरळ झाले, पण वाचली.

ती घरी आल्यावर मी त्या दुकानात गेले. भांडायलाच गेले होते. भिंतीवर चौकटीत लायसन होतं, शेजारी फार्मासिस्टचं नोंदणीपत्र होतं, सगळं नियमानं. विचारलं, हे कुठं आहेत? मुलगा म्हणाला, "सर पुण्याला असतात, कंपनीत." मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, कॉलेज करून दुकानात बसणारा. मी चिठ्ठी पुढं केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ताई, मला डब्ल्यू आणि डी मधला फरक कुणी सांगितलाच नाही. मी औषधं डब्यांच्या रंगावरून शिकलोय." त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी वहीच्या पानावर त्याला अशा आठ-दहा खुणा लिहून दिल्या आणि परत आले.

आता जे लिहिते ते सोपं नाही. २००४ साली मुलगी सहा महिन्यांची होती, मी घरी होते. माण तालुक्यातल्या एका दुकानदाराला मी माझं सर्टिफिकेट 'लावायला' दिलं. महिन्याला पंधराशे रुपये, दीड वर्ष. त्या दुकानात मी दोनदाच पाय ठेवला. माझ्या नावाखाली तिथं कुणी कुणाला काय दिलं, मला आजही माहीत नाही. आत्याच्या कॉटशेजारी बसले होते तेव्हा सारखं तेच डोक्यात होतं. म्हणून नाव छापू नका अशी विनंती करते, पण केलेलं लपवत नाही.

कायद्यात कमी काही नाही. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्यानं द्यायचं नाही. औषध नियमांत त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीची अट आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर पांढरा कोट, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं, हे सगळं लिहून ठेवलं आहे. कलम ४२ मोडलं तर पूर्वी सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं कैद तीन महिन्यांवर आणली, पण दंड दोन लाखांपर्यंत नेला. आत्याला समोर कुणी कोट घातलेला माणूस भेटला असता, त्यानं "मावशी, ही गोळी फक्त रविवारी" एवढं एक वाक्य बोललं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. ते वाक्य बोलणं हेच आमचं काम आहे. डब्यातून स्ट्रिप काढून देणं कुणालाही जमतं.

तपासणी होते ती मात्र भिंतीची. औषध निरीक्षक दुपारी येतात, आधी कुठून तरी निरोप आलेला असतो, आणि त्या दिवशी फार्मासिस्ट हजर असतो. दवाखाने सुटतात संध्याकाळी. चिठ्ठ्यांची रीघ सात ते साडेनऊ लागते. त्या वेळेत कुणी येऊन बघावं, अशी अन्न व औषध प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. महेश झगडे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, असं बघितलं जात होतं. केमिस्टांनी विरोध केला, बंद पाळले. पण आमच्या भागात त्या वर्षभरात मालक लोक फार्मासिस्ट शोधत घरी येत होते. मला स्वतःला तेव्हा पहिल्यांदा नीट पगार मिळाला. त्यांची बदली झाली आणि हळूहळू पुन्हा सर्टिफिकेटं भिंतीवर गेली.

मालकांचंही एक म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. दुकान सकाळी नऊला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. एक माणूस तेरा तास उभा राहू शकत नाही, आणि तालुक्याच्या गावात दोघांचा पगार निघत नाही. मग तसं सरळ लिहावं ना! दारावर पाटी हवी: फार्मासिस्टचा फोटो, नोंदणी क्रमांक, आणि हजर असण्याची वेळ. त्या वेळेबाहेर चिठ्ठीचं औषध मिळणार नाही. ओआरएस, बँडेज, मलम खुशाल विका. लोक कुरकुरतील, पण दवाखान्याची वेळ लोक पाळतातच की. आणि ज्याचं नाव पाटीवर आहे तो त्याच वेळी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला निघाला, तर फार्मासिस्टांची नोंदणी करणाऱ्या राज्य फार्मसी कौन्सिलनं त्याची नोंदणी थांबवावी. दंड दुकानदार भरून मोकळा होतो. नोंदणी मात्र दोन वर्षं अभ्यास आणि पाचशे तासांचं प्रशिक्षण घेऊन मिळवलेली असते, ती जायची भीती वाटते. मला २००४ साली अशी भीती असती तर मी पंधराशे रुपये घेतले नसते.

वाचकांना एक सांगते. औषधाचं बिल मागा. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, खाली फार्मासिस्टच्या सहीची जागा असते. ती सही कुणाची ते विचारा.

आत्याच्या बिलावर ती जागा कोरी आहे. बिल, चिठ्ठी आणि एक गोळी उरलेली ती स्ट्रिप माझ्या कपाटात ठेवली आहे. तपासणीसाठी कुणी अधिकारी मागणार असतील तर मी स्वतः साताऱ्याला आणून देईन.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
ता. कोरेगाव, जि. सातारा