अंबडच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. परवा नुसतं "येते काका" म्हणून निघाले, ते मनाला लागून राहिलंय.

सप्तशृंगी गडाच्या घाटात स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की डाव्या चाकातून कट-कट-कट. आधी जिथे गाडी नेली, तिथे चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या दांड्याला चाकाजवळ जो जॉइंट असतो, त्याच्यावरचा फाटका बूट, म्हणजे रबरी आवरण, बदलून बिल हातात दिलं. आवाज होता तसाच. परत गेले तर म्हणे, "दोन्ही अ‍ॅक्सल अख्खे टाकावे लागतील. मॅडम, घरातल्या कुणाला तरी पाठवा, त्यांना समजावून सांगतो." एसी केबिन, कॉफीचं मशीन, सगळा थाट. जॉइंट उघडून आत डोकावायला तेवढी सवड नव्हती कुणाला.

तुम्ही गाडी जॅकवर घेतली आणि पहिलंच वाक्य बोललात, "बूट नंतर बघू, आधी जॉइंट बघू. आत घासला असेल तर वरून नवं रबर चढवून काय फायदा?" उजव्या बाजूचा बूटही चिरलेला निघाला, रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस तुम्हीच दाखवलंत. मग दोन्ही जॉइंट काढून धुतलेत आणि मला हाक मारलीत. माझा भाऊ शेजारीच उभा होता, त्याला नाही. मला.

"हात काळे होतील, चालेल ना?" एवढं विचारून धुतलेला जॉइंट माझ्या तळहातावर ठेवलात. त्यातले सहा बॉल, ते ज्यात बसतात ती जाळी, आणि ज्या खाचांतून ते फिरतात त्या खाचा. "नख फिरवून बघा." उजव्याच्या खाचेतून नख काचेवरून जावं तसं सरकलं, चमकदार पट्टा दिसत होता तेवढाच. डाव्याच्या खाचेत अडकलं. बारीक खड्डे पडले होते. तिथलं जुनं ग्रीस चिमटीत चोळायला लावलंत, तर चक्क कचकच लागली. फाटक्या बुटातून पावसाळ्यातला चिखल आत गेला होता आणि त्यावरच नवा बूट चढवून आधीच्यांनी तो आत कोंडून टाकला होता!

उजव्याला फक्त बूट आणि नवं मोलीचं (मॉलिब्डेनमचं) ग्रीस, डाव्याला बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट नवा. बाकी कशाला हात लावला नाहीत. पैसे वाचले हे आहेच, पण माझ्या गाडीचं दुखणं मला कळू शकतं असं धरून चाललात, ते जास्त मोलाचं. इतकी वर्षं गाडी मी चालवते, हप्ते मी फेडले, तरी गॅरेजात उत्तर मिळतं ते शेजारच्या पुरुषाला. सगळीकडेच. तुमच्यासारखी माणसं नाशकात आहेत म्हणून बरं चाललंय. मोठ्या पाट्यांखाली ती सापडत नाहीत, ही आपली माझी तक्रार.

आणि काका, दोन्ही बुटांच्या क्लिपांचे पैसे बिलात नाहीत, घरी आल्यावर पाहिलं. ऑइल बदलायला येईन तेव्हा लावून घ्या. "राहू द्या" म्हणालात तर काकूंच्या हातात देऊन जाईन.