उंदीर वात नेईल

चि. अश्विनी हिस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

परवा बंगळुरूहून तुझा फोन आला तेव्हा मी फारसं बोललो नाही. "आप्पा, सिग्नल कोअर मागितली होती, ए.एस.सी. मिळाली, रसदेची कोअर. एवढा घाम गाळला तो तांदूळ-डाळ मोजायला का?" असं तू हसत विचारलंस, पण त्या हसण्यात जीव नव्हता. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहितोय. लांबलं तर दोन बैठकीत वाच.

तुम्हां ऑफिसर लोकांना लीडरशिप वर्गात शिकवतात. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन पेन्शनीत आलो, त्यामुळे मी ती खालून पाहिली. खालून वेगळंच दिसतं. शूर ऑफिसर मला ढिगाने भेटले. जवान शूर साहेबाच्या मागे जातात, यात वाद नाही. पण शहाणा साहेब मिळाला की जवान आईला पत्रात लिहितो, "काळजी करू नको." हा फरक वर्गात शिकवतात की नाही, कोण जाणे.

कुपवाड्याच्या वरच्या अंगाला आमची एक पोस्ट होती. बर्फ पडला की खालची वाट बंद व्हायची, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत सगळा साठा वर चढवावा लागे. आटा, तेल, डबाबंद भाजी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बुखारीसाठी, बंकर तापवायच्या शेगडीसाठी, रॉकेल. मी तेव्हा हवालदार होतो. आमचे कॅप्टनसाहेब तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. साठा आला, रजिस्टरवर सह्या झाल्या, आकडे जुळले. साहेबांनी रजिस्टर बाजूला ठेवलं आणि एकेक जेरीकॅन स्वतः हाताने उचलून बघायला लागले. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. साहेब नवे आहेत, हौस आहे, चालू दे. तासाभराने त्यांनी जेरीकॅनची एक रांग वेगळी काढली. झाकणं घट्ट, वरून ओले, पण उचलले की हलके. वाटेत कुठे गळले, की कुणी हात मारला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. वाट अजून उघडी होती, खेचरं खाली होती. आठवड्यात भरपाई वर आली. त्या वर्षी बर्फ लवकर पडला.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. रात्री झोपायच्या आधी ते प्रत्येक बंकरमध्ये डोकावत. बुखारी विझवली का, हवेचं भोक बर्फाने बुजलंय का, ओले मोजे बुखारीच्या अंगावर वाळत घातलेत का. बंद बंकरात बुखारी धुमसत राहिली की माणूस झोपेतच जातो, हे साऱ्यांना ठाऊक असतं. ठाऊक असतं आणि थंडीत कुणी उठत नाही. साहेब उठत.

पुढे कितीतरी वर्षांनी शिवाजी महाराजांचं एक पत्र वाचनात आलं आणि मला पहिल्यांदा ते कॅप्टनसाहेबच आठवले. राज्याभिषेकाच्या सुमारास लष्कराची छावणी चिपळूणकडे होती, तेव्हा तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं हे पत्र. शाळेत तुम्हांला त्यातली एकच ओळ सांगतात, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका अशा अर्थाची. अख्खं पत्र वाच. त्यात तलवार नाही, शत्रू नाही, गर्जना तर नाहीच. आहे काय? दाणा, रातीब म्हणजे जनावरांचा रोजचा खुराक, गवत, चुली.

महाराज सांगतात की पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणा जमवला होता, त्यातला बराचसा खर्चून गेलाय. आता गडागडांवरून मिळेल तो गल्ला आणून कशीबशी बेगमी केली आहे. तुम्ही आहे तोवर मनाला येईल तसा चाराल, मग भर पावसात काही मिळायचं नाही, घोडी मरायला लागतील. "म्हणजे घोडी तुम्हीच मारिली ऐसे होईल." मग तुमची माणसं कुणब्याच्या घरी शिरतील, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटे. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिलेत तेही उठून जातील, आणि त्यांना वाटेल की मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही अधिक. काय हवं ते बाजारात जाऊन विकत घ्या, पगार दिलेला आहे.

मग ते आगीवर येतात. कुणी भलत्या जागी चुली मांडतील, कुणी तंबाखूला विस्तव घेतील, गवत पडलंय, वारा सुटलाय हे ध्यानात घेणार नाहीत. एक खण पेटला की सगळे पेटतील. म्हणून तुमच्यातले जे खासे खासे असतील त्यांनी स्वतः फिरत राहावं. रात्री घरात दिवा जळत असेल तर "अविस्राच उंदीर वात नेईल." अविस्रा म्हणजे अवचित.

ह्या उंदराशी मी फार वेळ थांबलो. आदिलशाही आणि मोगल अशा दोन पातशाह्या अंगावर घेतलेला माणूस, राज्याभिषेक तोंडावर, आणि त्याला कोकणातल्या एका छपराखालचा उंदीर दिसतोय. जळती वात तोंडात धरून गवताच्या गंजीकडे पळणारा. गंज जळाली की घोडी उपाशी, घोडी गेली की दसऱ्याला मोहीम नाही. महाराजांच्या शहाणपणावर लोक तासतास भाषणं ठोकतात, त्यात आग्रा येतं, अफजलखान येतो. येऊ दे. माझ्यापुरता मी हा उंदीर घेतो.

आता तुझा तांदूळ-डाळीचा मुद्दा. तुझ्या कोअरमध्ये आजही खेचरं आहेत, रातीब आहे, पेट्रोल आहे, ट्रक आहेत. ते पत्र आज आलं असतं तर इन्फंट्रीच्या टेबलावर नसतं आलं, तुझ्या टेबलावर आलं असतं. तुमच्या कोअरचा स्थापना दिवस ८ डिसेंबर १७६० धरतात, हे तुला तिथे सांगितलंच असेल. कंपनी सरकारने बंगालमध्ये रसदखात्याचा पाया घातला तो. त्याच डिसेंबरात आपले लोक कुठे होते ठाऊक आहे? पानिपतावर, उपाशी.

भाऊसाहेबांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. त्यांच्या शौर्याबद्दल बोलायची आपली लायकी नाही. उद‌गीर त्यांनीच जिंकलं होतं. पण रसदेच्या नजरेने ती मोहीम पुन्हा बघ. लढणाऱ्यांबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बुणगे यांचा एवढा लोंढा, की खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांहून जास्त. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सांगून पाहिलं, की जड तोफा आणि बायकामुलं मागे, भरतपूर-ग्वाल्हेरकडे ठेवा आणि सडे होऊन गनिमी काव्याने लढा. ऐकलं गेलं नाही. १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा घेतला, तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला, तळावर आनंदीआनंद. आणि त्याच आठवड्याभरात अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. दाणा येण्याचा रस्ता गेला. गोविंदपंत बुंदेले दुआबात अब्दालीची रसद तोडत होते, ते डिसेंबरात मारले गेले. त्यानंतर तळावर खायला काही उरलं नाही. १४ जानेवारीला लोक लढायला निघाले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. दुपारपर्यंत तरी ते काय लढले! पण ती लढाई तलवारीच्या आधी चुलीवर हरली होती. दरवर्षी संक्रांतीला आज्जी तिळगूळ द्यायची आणि वर म्हणायची, "आपल्यावर खरी संक्रांत पानपतात आली." तिला शाळा माहीत नव्हती, पण हे माहीत होतं.

उलट उदाहरण आपल्या जत तालुक्यातच आहे. १६७३ च्या एप्रिलमध्ये प्रतापराव गुजरांनी उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाला कोंडलं, ते त्याचं पाणी तोडून. एप्रिलात जतमध्ये पाणी तोडणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको, टँकरची वाट बघत तू मोठी झालीस. खान शरण आला. इतकं सुरेख डोकं चालवून जिंकलेली लढाई, आणि प्रतापरावांनी दया येऊन त्याला जाऊ दिलं. महाराज संतापले, "सला काय निमित्त केला?" म्हणजे तह कशासाठी केला, म्हणून विचारलं, आणि खान पुन्हा आलाच. पुढे २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव हाताशी होते तेवढेच स्वार घेऊन, सातजण असं सांगतात, खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि गेले. आपण त्यावर पोवाडे गातो, मीही गातो, अंगावर काटा येतो. पण सरनौबत होते ते. त्यांच्या मागे हजारो घोडी होती आणि त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त महाराजांचे शब्द होते. सेनापतीला लागलेला बोल सेनापतीच्या हातून लढाई काढून घेतो. तुलाही वरिष्ठांचे बोल बसतील, सगळ्यांसमोर बसतील. त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नकोस. घ्यावाच लागला तर शेजारच्या कुणाला मोठ्याने वाचून दाखव.

वरच्याला नाही म्हणायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. १९७१ च्या एप्रिलमध्ये पूर्वेकडे लगेच चाल करावी असा सूर दिल्लीत होता. जनरल माणेकशॉ यांनी पुढे स्वतः सांगितलंय, की त्यांनी पंतप्रधानांपुढे कारणं मांडली. पावसाळा तोंडावर, बंगालच्या नद्या समुद्र होतात, पिकांच्या हंगामात रेल्वेचे डबे धान्याला लागतात, आणि उत्तरेच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीनकडची काळजी कमी. म्हणून वेळ द्या. लक्षात घे, ते नुसतं "नाही" म्हणाले नाहीत. केव्हा जमेल, काय लागेल, ते सांगितलं. मधल्या महिन्यांत साठे पुढे सरकले, त्रिपुराच्या बाजूला रस्ते नीट झाले. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली, एकूण सुमारे ९३ हजार कैदी झाले. लोक तेरा दिवस म्हणतात. तुझ्या कोअरची माणसं हसत असतील ह्या हिशेबावर.

तू आता कॉन्व्हॉय घेऊन जाशील. जोजिलासारख्या खिंडीत एखादा वरचा साहेब विचारेल, "अजून किती वेळ?" तुझ्याकडे दोन आकडे असतील, एक त्याला आवडणारा आणि एक खरा. खरा सांग, आणि त्याच्याबरोबर उपाय सांग. ड्रायव्हरला "थकलास का?" विचारू नकोस, तो "नाही मॅडम" म्हणणार. त्याचे डोळे बघ, चहाचा मग धरलेला हात बघ. ज्या गाडीचा ब्रेक त्याला आवडत नाही, ती का आवडत नाही हे त्याला बोलू दे. आणि तुझ्या हाताखालचा सुभेदार तुझ्या वडिलांच्या वयाचा असेल. तो तुला सॅल्यूट करील आणि मनात तुझी परीक्षा घेईल. आम्ही सगळ्यांची घेतो. त्याला "साहेब" म्हण, त्याचं ऐक, पण त्याने सांगितलं म्हणून रजिस्टरवर सही करू नकोस. त्याला राग येणार नाही. आला तर तो सुभेदार कच्चा आहे.

आणखी एक. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीतल्या चेटवुड हॉलमधलं ते वाक्य तुम्हां सगळ्यांना पाठ असतं, स्वतःची सोय नेहमी सर्वांत शेवटी. जवानाला ते वाक्य माहीत नसतं, त्याला एवढंच दिसतं की साहेबाचं ताट केव्हा आलं. लंगरात अधूनमधून न सांगता जा आणि तीच डाळ खा. पातळ असेल तर तिथेच बोलू नकोस, कुकला बाजूला घे. कुकची इज्जत गेली की दुसऱ्या दिवशी डाळ आणखी पातळ होते.

सिग्नलचं मनातून काढ असं मी म्हणत नाही. वाईट वाटलंय ते वाटू दे, महिना-दोन महिने. पण तिथल्या मुलांसमोर "मला दुसरं हवं होतं" हे कधी तोंडून काढू नकोस. त्यांनी मागून घेतलेली असते ही कोअर, निदान काहींनी.

घरी सगळं ठीक. विहिरीला अजून हातभर पाणी आहे. धाकट्याने पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय, पळायला पहाटे उठतो आणि सगळ्या गल्लीला उठवतो. आई डिंकाचे लाडू पाठवते आहे, डबा मोठा आहे, तो एकटीने संपवायचा नाही. मेसच्या पत्त्यावर पाठवू की सेंटरच्या, ते लगेच कळव, कुरिअरवाला शनिवारी गावात येतो.

तुझा
आप्पा